उपकेंद्राचा जमाखर्च : नाणे मावळातील स्त्रियांच्या आरोग्यसेवेची वाटचाल

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतली आरोग्यसेवा त्यांच्याकडे गेली. तेव्हापासून पुणे जिल्ह्याच्या मावळातल्या बाईचा सरकारशी जो काही थेट संबंध आला, तो बहुतेक उपकेंद्राच्या सिस्टरमार्फतच. तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे, सोसायटीच्या सचिवाकडे घरातला पुरुष जात असे. सिस्टर घरात येई, चुलीपाशी टेके आणि बाईशी बोले. तरीही गावोगावच्या स्मरणिकांत शाळेचा, देवळाचा, दूध सोसायटीचा इतिहास सापडतो आणि उपकेंद्राचा सापडत नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून वडिवळे आणि भोवतालच्या नाणे मावळाच्या निमित्ताने हा मजकूर लिहिला आहे. त्यात माणसांपेक्षा पैशाचा हिशोब जास्त येईल. पैसा कुठून आला आणि कशासाठी आला, हे कळल्याशिवाय या संस्थेने काय केले आणि काय करायचे राहिले, ते समजत नाही.

वडिवळे हे गाव बाहेरच्यांना त्याच्या नावाच्या धरणामुळे माहीत असते. बाजार, रेल्वे स्टेशन, जुना मुंबई-पुणे रस्ता, सगळे कामशेतला. तिथेच खडकाळ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे कान्हे फाट्याचे रुग्णालय, आणि त्याहून अवघड दुखणे असले तर पुण्यातले औंधचे रुग्णालय नाहीतर ससून. सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर ५,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. कागदावर हा आकडा बरा वाटतो. मात्र नाणे मावळातली वस्ती विखुरलेली आहे. गावठाण एकीकडे, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या दुसरीकडे, धनगरवस्ती वर डोंगरात. पावसाळ्यात ओढे-नदीवरचे ठेंगणे पूल पाण्याखाली जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत भाताची लावणी असते. दिवस गेलेली बाई गुडघाभर चिखलात वाकलेली असते आणि सिस्टर अलीकडच्या काठाला अडकलेली असते. लोकसंख्येच्या निकषात पाऊस मोजलेला नाही.

उपकेंद्राचा पैसा पुढे ज्या संततिनियमनासाठी आला, त्यावर सरकारने खर्च करावा, ही मागणी महाराष्ट्रात फार जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला आणि साधने देणारे केंद्र सुरू केले. त्यात त्यांच्या पत्नी मालतीबाईंची साथ होती आणि सरकारचा एक रुपयाही नव्हता. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने हा प्रश्न पुढे थेट सरकारी तिजोरीपर्यंत नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाचे सदस्य रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा जनतेत जोरदार प्रसार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, असा तो ठराव होता. त्यामागचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईच्या शरीराची होणारी झीज आणि गरिबाच्या घराची होणारी ओढाताण हे त्यातले मुख्य मुद्दे. ठराव फेटाळला गेला. तरी स्वातंत्र्याच्या नऊ वर्षे आधी गरीब बाईच्या वतीने कुणीतरी सभागृहात उभे राहून म्हणाले होते की, हा खर्च सरकारचा आहे. आपल्या उपकेंद्राची वंशावळ सांगायची तर ती इथून सांगितली पाहिजे.

त्याच वर्षांत पुण्यात शकुंतला परांजपे काम करू लागल्या होत्या. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत काही काळ काम करून परतली आणि १९३८ पासून संततिनियमनाच्या प्रचाराला लागली. पुढे त्या विधान परिषदेवर आणि राज्यसभेवर गेल्या. त्यांची काही मते आज पटण्यासारखी नाहीत. सक्तीकडे झुकणारे त्यांचे विचार तर मुळीच नाहीत. पण ज्या विषयाचे नाव घेतले की सभ्य माणसे उठून जात, तो घेऊन त्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. हे ऋण पुणे जिल्ह्याने विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम हाती घेतले. जगात राष्ट्रीय पातळीवर असा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते आणि त्यातलेही बरेचसे खर्च झाले नाहीत. त्याच सुमारास गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जन्म-मृत्यूंची पाहणी केली. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात दुसरीकडे खेड्यांबद्दल अंदाज बांधले जात असताना पुणे जिल्ह्यातल्या घरांत किती मुले जन्मली, किती जगली, हे तेव्हा मोजले गेले होते. पुढे कुमुदिनीबाईंनी महाराष्ट्रातल्या पुरुष नसबंदी शिबिरांचाही अभ्यास केला. तेव्हा शस्त्रक्रिया प्रामुख्याने पुरुषांची होत असे, हे आज सांगून खरे वाटत नाही.

१९६५ मध्ये गर्भाशयात बसवायचा लूप आला, १९६६ मध्ये केंद्रात कुटुंब नियोजनाचे स्वतंत्र खाते झाले, १९६८ मध्ये पंधरा पैशांना तीन निरोध किराणा दुकानात मिळू लागले, भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण उमटला. आणि कार्यक्रमाबरोबर उद्दिष्टे आली. इतक्या शस्त्रक्रिया, इतके लूप, इतके निरोध. पुढे तांबी आली, मग माला-एन गोळ्या. दिल्लीहून राज्याला, राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आकडा वाटून येई आणि शेवटी तो उपकेंद्राच्या सिस्टरच्या डोक्यावर बसे. खालच्या पातळीवर त्याची एक बोलीच तयार झाली. शस्त्रक्रियेला तयार झालेली बाई म्हणजे ‘केस’. तिला घेऊन येणारा तो प्रवर्तक. मार्च अखेर जवळ आली की शाळामास्तरांपासून ग्रामसेवकापर्यंत सगळे ‘केस’ शोधत. बाईला काय होतेय, हे विचारायला त्या बोलीत शब्दच नव्हता.

या उद्दिष्टांचा कळस १९७६ मध्ये झाला. आणीबाणीच्या त्या वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्या प्रकाराचा राग लोकांनी मतपेटीतून काढला आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा साडेनऊ लाखांवर आला.

त्यानंतर जे घडले त्याची चर्चा फारशी होत नाही, आणि माझ्या मते नाणे मावळातल्या बाईच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. १९६७-६८ मध्ये देशातल्या नसबंदी शस्त्रक्रियांपैकी जवळजवळ नव्वद टक्के पुरुषांच्या होत्या. १९७६-७७ मध्येही चारातल्या तीन पुरुषांच्याच. आणीबाणीनंतर पुरुषाला हात लावायला सगळे घाबरू लागले. पुढारी घाबरले, अधिकारी घाबरले. कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ झाले आणि त्याचा सगळा भार बाईवर सरकला. बाई बाळंतपणासाठी दवाखान्यात येतच होती, तिचे मत विचारण्याची फारशी पद्धत नव्हती आणि दुर्बिणीने होणारी ‘बिनटाक्याची’ शस्त्रक्रिया हाताशी आली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पुरुष शस्त्रक्रियेचे प्रमाण ०.४ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, आणि २००७ च्या दरांप्रमाणे तिला मोबदलाही जास्त. पुरुषाला १,१०० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ६००, आणि बाकीच्या बाईला २५०. तरीही हा आकडा हलला नाही. पैशाने सगळे होत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

याच उद्दिष्टांच्या पैशातून आपली उपकेंद्रे चालली, हेही तितकेच खरे आहे. हा पैसा नसता तर सिस्टरचे पद बहुधा निघालेच नसते. उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेचा, म्हणजे सिस्टरचा, आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या आरोग्य सहायिकेचा पगार केंद्राच्या कुटुंब कल्याण कार्यक्रमातून, तर पुरुष आरोग्य सेवकाचा राज्याकडून, अशी विभागणी बरीच वर्षे होती. ज्या सिस्टरला ‘केस’ आणण्यासाठी नेमले, तिनेच गरोदर बाईला धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, लोहाच्या गोळ्या दिल्या, १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणाचा थंड डबा खांद्याला अडकवून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. रात्री-अपरात्री बाळंतपणे केली. हे काम अहवालाच्या मागच्या पानावर जाई. पहिल्या पानावर शस्त्रक्रिया.

उपकेंद्र चालवायला केंद्राकडून काय मिळे, तेही नोंदवून ठेवले पाहिजे. या शतकाच्या सुरुवातीला पगार आणि औषधांची पेटी सोडली तर खोलीचे भाडे वर्षाला ३,००० रुपये आणि किरकोळ खर्चाला वर्षाला ३,२०० रुपये. म्हणजे महिन्याला अडीचशे रुपयांत खोली मिळवायची, जिथे बाईला पडद्याआड तपासता येईल. अडीचशे रुपयांत पडदा मिळत नाही, टेबल मिळत नाही, हात धुवायला पाणी मिळत नाही. बाईच्या पोटाखालची तपासणी उपकेंद्रात का होत नव्हती, याचे एक कारण लाज हे होते आणि दुसरे हे भाडे.

ती तपासणी किती गरजेची होती, हे महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टर जोडप्याने जगाला दाखवले. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा जननेंद्रियाच्या आजाराचा काही ना काही त्रास होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गडचिरोली आणि मावळ यांत अंतर मोठे आहे, पण दुखणी तीच आहेत. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत अती रक्त जाणे, लागोपाठच्या बाळंतपणांनंतर ओझी उचलून अंग बाहेर येणे. मावळातल्या कुठल्याही घरात थोरल्या जावेला किंवा सासूला विचारा. ती आधी इकडेतिकडे पाहील आणि मग सांगेल. याच बायकांपर्यंत सरकारचा माणूस पंचवीस वर्षे जात होता आणि त्यांना एकच गोष्ट विचारत होता.

१९९४ मध्ये कैरोला लोकसंख्या परिषद झाली. तिथे जगभरच्या स्त्री संघटनांनी आकड्यांऐवजी आरोग्याची भाषा मान्य करून घेतली. १९९६ च्या एप्रिलपासून भारत सरकारने वरून येणारी उद्दिष्टे काढून टाकली. शिबिरांची सवय मात्र राहिली. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि १३ बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

मधल्या काळात, २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. हजार लोकसंख्येमागे एक आशा ताई आली. अभियानातली माझ्या लेखी सगळ्यांत मोलाची तरतूद अगदी लहान होती. प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी. तो आरोग्य सेविका आणि सरपंच यांच्या संयुक्त खात्यात जमा होई. कशावर खर्च करायचा, हे वरून ठरवलेले नसे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यामुळे कित्येक गावांत धनादेशावर दोन्ही सह्या बायकांच्या झाल्या. गावात सरकारी पैसा कसा खर्चायचा, हे दोन बायकांनी बसून ठरवणे ही घटना आपल्याकडे पूर्वी घडली नव्हती. दहा हजारांत इमारत होत नाही. पण पडदा येतो, रक्तदाबाचे यंत्र दुरुस्त होते, अडलेल्या बाईसाठी जीपचे भाडे देता येते. हा निधी वेळेवर न येणे, मार्च संपता संपता येणे, खर्चाच्या पावत्यांवरून अडणे, या तक्रारी सर्वत्र ऐकू येतात आणि त्या खऱ्या आहेत. पैसा थोडा असला तरी चालतो, पण तो लावणीच्या आधी यावा लागतो.

घरपोच गर्भनिरोधकांची योजना २०११ ची. आशा ताईने दारात येऊन एक रुपयाला तीन निरोध किंवा एका महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. अलीकडे तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्याही सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. पाळणा लांबवायचा की थांबवायचा, हे ठरवायला बाईच्या हाती आता चार-पाच मार्ग आहेत. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आले होते. मातामृत्यूही कमी झाले. दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० होते, २०१८-२० मध्ये ३३. ज्या कारणासाठी पैसा आला होता, ते कारण संपले आहे. आता तो पैसा बाईच्या बाकी आयुष्यासाठी लागला पाहिजे आणि या इतिहासाचा आजच्या दिवसाशी संबंध इथे येतो. रक्तक्षयाचेच पाहा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत त्याचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते पाच वर्षांत ५४ टक्क्यांच्या वर गेले. मुले कमी झाली आणि बाईचे रक्त मात्र वाढले नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर महाराष्ट्राला माहीत नव्हते असे म्हणायची सोयच नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला १९८७ मध्ये सुरू झाली. त्यानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठी चाचणी केली. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांना ती तपासणी मिळाली नाही, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दुसऱ्या चाचणीत दहावी-बारावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पातळ केलेल्या व्हिनेगरसारख्या द्रावणाने तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ही तपासणी डॉक्टर नसतानाही होते. बाटलीभर द्रावण, कापूस, उजेड आणि पडदा एवढ्यावर होते. ज्या लोकांच्या कष्टांतून हे ज्ञान आले, ते महाराष्ट्रातलेच आहेत. तरी २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा निघाल्या नाहीत.

संततिनियमनाच्याच पैशातून ही तपासणी करता येते. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने, तिथे ‘टायटल टेन’ म्हणतात, गर्भनिरोधनासाठी सरकारी पैसा मिळू लागला, तेव्हा त्याच दवाखान्यात, त्याच भेटीत स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करण्याची रीत पडली. त्या निधीवरून तिथे राजकारण पेटलेले असते, पण बाई एकदा आली की तिला सगळे तपासून पाठवायचे, हे सूत्र घेण्यासारखे आहे. आपल्याकडे २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, त्यांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा गर्भाशयमुखाची आणि स्तनाची तपासणी त्यांच्या कामात धरली आहे. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्वावॅक’ ही एचपीव्हीची लस केली आणि २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. तपासणी आणि लस, दोन्ही बाजूंनी सोय तयार आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र आणि राज्य आता ६०:४० या प्रमाणात उचलतात. त्यामुळे राज्यानेही आपल्या वाट्यातून काही ठरवावे, एवढे म्हणण्याचा हक्क मावळातल्या गावांना आहे. उपकेंद्राच्या निधीतला ठराविक भाग पडदा, टेबल, दिवा आणि पाणी यांसाठी राखून ठेवावा. तपासणीत शंका आलेल्या बाईला कान्ह्याला किंवा औंधला नेण्याचे आणि परत आणण्याचे भाडे तिच्याकडून न घेता उपकेंद्राने द्यावे, कारण मजुरी बुडवून पदरचे पैसे मोडून ती जाणार नाही आणि मग तपासणी केली काय नि न केली काय, सारखेच. आशा ताईला शस्त्रक्रियेसाठी जसा मोबदला मिळत आला, तसा ती जिला तपासणीसाठी घेऊन येईल तिच्यामागेही मिळावा. आणि हे सगळे मेअखेरपर्यंत हाती पडावे, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी वाड्यांवरच्या बायकांची तपासणी उरकता येईल.